नसलेल्या देशाचे रोखे

सन १८२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत 'ओशन' नांवाचें एक जहाज मध्य अमेरिकेच्या बाजूनें येऊन लंडनला लागलें. त्यांतून उतरलेल्या माणसांपैकीं कांहीं जण एका नव्या देशांत कायमचे राहावयास म्हणून विलायतेहून गेले होते. जातांना ते सुमारें अडीचशें होते; परत आलेले पन्नासही भरले नाहींत. त्यांच्या त्या देशाचें नांव पोयाइस. पोयाइसला अधिपति होता, ध्वज होता, सरकारी पेढी होती, पेढीच्या सुबक नोटा होत्या. त्याच्या वर्णनाचें साडेतीनशें पानांचें पुस्तक बाजारांत मिळत होतें आणि त्याचे कर्जरोखे लंडनच्या सावकारी पेठेंत विकले जात होते. उणीव एवढीच होती कीं, असा देश पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही नव्हता.

ही हकीकत पुष्कळदां एका अचाट भामट्याची गंमत म्हणून सांगितली जाते. भामटा अचाट होता यांत शंका नाहीं. परंतु ज्या प्रकरणांत निदान १८० माणसें प्राणांस मुकलीं, त्याची नुसती गंमत करून चालणार नाहीं. शिवाय, फसलेलीं माणसें अडाणी नव्हतीं. त्यांत वैद्य होते, वकील होते, सैन्यांतले अधिकारी होते, पै पै जमवून संसार करणारे सुतार व चांभार होते. त्यांनीं पुस्तक वाचलें, नकाशा पाहिला, कचेरींत जाऊन चौकशी केली आणि मगच पैसे मोजले. इतकें करूनही तीं कशीं फसलीं, हें समजून घेण्यांतच ह्या इतिहासाचें महत्त्व आहे.

त्यासाठीं त्या काळच्या ब्रिटनकडे पाहिलें पाहिजे. नेपोलियनशीं चाललेलें प्रदीर्घ युद्ध १८१५ सालीं संपलें. युद्ध संपतांच हजारों सैनिक व दर्यावर्दी घरीं परतले. अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरीं बसविण्यांत आलें. त्या अर्ध्या पगारांत इभ्रतीनें राहणें कठीण. म्हणून राहणी स्वस्त असेल अशा देशांत जाऊन उरलेलें आयुष्य सुखानें घालवावें, हा विचार त्या काळीं अनेक घरांतून बोलला जात होता. दुसरीकडे, ज्यांच्या गांठीं चार पैसे होते त्यांचीही कुचंबणाच होत होती. सरकारी कर्जांत पैसा गुंतवावा आणि व्याजावर म्हातारपण काढावें, ही मध्यमवर्गाची जुनी रीत. पण सरकारनें १८२२ सालीं आपल्या ५ टक्क्यांच्या मोठ्या कर्जाचें व्याज ४ टक्क्यांवर आणलें. शंभर पौंडांमागें वर्षास एक पौंड कमी होणें ही श्रीमंताला किरकोळ बाब. परंतु विधवा, पेन्शनर आणि लहान व्यापारी यांच्या संसारांत तेवढ्यानें खोट येई.

नेमक्या ह्याच वेळीं दक्षिण अमेरिकेंतील स्पेनचें साम्राज्य कोसळत होतें आणि त्याच्या अवशेषांतून नवीं प्रजासत्ताकें उभीं राहत होतीं. त्यांना पैसा हवा होता. १८२२ सालीं कोलंबियानें २० लाख पौंडांचें, चिलीनें १० लाख पौंडांचें आणि पेरूनें साडेचार लाख पौंडांचें कर्ज लंडनमध्यें उभारलें. व्याज ६ टक्के. हे देश कोठें आहेत, त्यांचें उत्पन्न किती, त्यांचें सरकार वर्षभर तरी टिकेल कीं नाहीं, हें फारच थोड्यांना ठाऊक होतें. नांवें नवीं होतीं आणि तीं दर महिन्यास वाढत होतीं. अशा यादींत आणखी एक अपरिचित नांव शिरलें तर तें वेगळें कसें ओळखूं येणार?

तें नांव घेऊन येणाऱ्या गृहस्थाचें नांव ग्रेगर मॅक्ग्रेगर. त्याचा जन्म १७८६ सालीं स्कॉटलंडांत झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं तो ब्रिटिश सैन्यांत दाखल झाला. पुढें एका आरमारी अधिकाऱ्याच्या श्रीमंत मुलीशीं त्याचें लग्न झालें आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणें पैसे भरून त्यानें कॅप्टनचा हुद्दा विकत घेतला. १८११ सालीं ती पत्नी वारली व तिच्याबरोबर सासरचा आधारही गेला. पुढच्याच वर्षीं तो व्हेनेझुएलांत जाऊन तेथील स्वातंत्र्ययुद्धांत सामील झाला. तेथें त्यानें होसेफा नांवाच्या तरुणीशीं दुसरें लग्न केलें. ती मुक्तिदाता म्हणून पुढें प्रसिद्धीस आलेल्या सिमोन बोलिव्हारची नात्यांतली बहीण. १८१६ सालीं शत्रूच्या मुलखांतून आपली तुकडी झुंजत, माघार घेत, ३४ दिवसांत सुखरूप बाहेर काढण्याचा त्याचा पराक्रम खरा होता आणि त्याबद्दल त्याची वाहवाही झाली.

परंतु त्यानंतरच्या मोहिमांतून त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू दिसूं लागली. १८१७ सालीं त्यानें फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील अमेलिया बेट घेऊन तेथें एक प्रजासत्ताक जाहीर केलें आणि थोड्याच महिन्यांत तें सोडून तो निघून गेला. १८१९ सालीं पनामाच्या किनाऱ्यावरचें पोर्तो बेलो त्यानें जिंकलें. परंतु स्पॅनिश सैन्यानें अकस्मात् उलट हल्ला करतांच सेनापति खिडकींतून उडी टाकून समुद्राकडे पळाला, आणि त्याच्या भरंवशावर विलायतेहून आलेले सैनिक शत्रूच्या हातीं सांपडले. मोठ्या नांवाची घोषणा करावी, अधिकारपदें वाटावींत, आणि संकट येतांच इतरांस मागें टाकून निघून जावें, ही त्याची रीत पोयाइसच्या आधींच ठरून गेलेली होती. लंडनमध्यें मात्र ह्या गोष्टी पुरत्या पोंचल्या नव्हत्या. तेथें त्याची ख्याति बोलिव्हारचा सेनापति म्हणूनच होती.

आतां मॉस्किटो किनाऱ्याकडे वळूं. आजच्या होंडुरास व निकाराग्वा ह्या देशांच्या पूर्वेस कॅरिबियन समुद्राला लागून जो दमट, सखल व दलदलीचा पट्टा आहे, त्याचें हें नांव. तें डांसांवरून पडलेलें नसून तेथील मिस्किटो लोकांवरून पडलें आहे. डांसही तेथें कमी नाहींत, ही गोष्ट वेगळी. मिस्किटो लोकांचा स्वतःचा राजा असे आणि स्पेनच्या वैरामुळें त्याचें इंग्रजांशीं सख्य असे. ह्या किनाऱ्यावर ब्लॅक रिव्हर नांवाच्या नदीच्या मुखाशीं १७३२ च्या सुमारास इंग्रजांनीं एक वसाहत केली होती. पन्नासाहून अधिक वर्षें ती टिकली. पुढें स्पेनशीं झालेल्या १७८६ च्या तहान्वयें इंग्रजांना ती सोडावी लागली आणि जंगलानें ती पुन्हां गिळली.

२९ एप्रिल १८२० रोजीं मिस्किटोंचा राजा जॉर्ज फ्रेडरिक ऑगस्टस यानें मॅक्ग्रेगरला एका दानपत्रावर सही करून दिली. मोबदला म्हणून राजास रम आणि जडजवाहीर मिळालें. दानांत मिळालेली जमीन होती सुमारें ८० लाख एकर, म्हणजे वेल्स प्रांताहूनही विस्तृत. कागदावर ती प्रचंड. प्रत्यक्षांत तिच्यावर ना शेत, ना रस्ता, ना गांव. राजानें जमीन दिली होती, राज्य दिलें नव्हतें. हा भेद मॅक्ग्रेगरनें पुसून टाकला. १८२१ सालीं तो लंडनला आला तो 'पोयाइसचा कॅसिक' म्हणून. कॅसिक म्हणजे अमेरिकेंतील देशी लोकांचा नायक. परंतु त्याच्या तोंडीं त्याचा अर्थ झाला राजा. होसेफा झाली राणीसाहेब. लंडनच्या लॉर्ड मेयरनें गिल्डहॉलमध्यें त्याचा सत्कार केला. प्रतिष्ठित घरांतून निमंत्रणें येऊं लागलीं. एका प्रतिष्ठितानें मान दिला म्हणून दुसऱ्यानें दिला, आणि दोघांनीं दिला म्हणून तिसऱ्यानें शंका घेतली नाहीं.

मग पद्धतशीर कामास आरंभ झाला. लंडन, एडिंबरो आणि ग्लासगो येथें पोयाइसच्या कचेऱ्या उघडल्या. १८२२ सालीं मॉस्किटो किनाऱ्याची माहिती देणारें एक पुस्तक 'टॉमस स्ट्रेंजवेज' ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांतला पुष्कळसा मजकूर वेस्ट इंडीजविषयींच्या जुन्या ग्रंथांतून उचललेला होता आणि म्हणूनच तो वाचावयास विश्वसनीय वाटे. पुस्तक, पत्रकें व जाहिराती मिळून जें चित्र उभें राहिलें तें असें: हवा युरोपीय प्रकृतीस मानवणारी, माती इतकी सुपीक कीं मक्याचीं वर्षाला तीन पिकें निघावींत, एक दिवस शिकार केली तर कुटुंबाला आठवडाभर पुरावी, नद्यांच्या वाळूंत सोन्याचे कण, आणि देशी लोक इंग्रजांवर जीव टाकणारे. सेंट जोसेफ ही राजधानी. तिच्यांत रुंद फरसबंद रस्ते, नाट्यगृह, घुमटाचें मोठें चर्च, पार्लमेंटची इमारत, पेढी आणि राजवाडा.

जमिनीचा भाव आरंभीं एकरास २ शिलिंग ३ पेन्स होता. मजुराच्या साधारण एका दिवसाच्या रोजंदारींत एक एकर! पुढें भाव अडीच शिलिंग झाला, मग चार. भाव चढतो आहे हें पाहून रेंगाळणारेही घाईला आले. १८२३ च्या आरंभापर्यंत सुमारें पांचशें लोकांनीं जमिनी घेतल्या होत्या आणि त्यांतल्या अनेकांची ती जन्माची पुंजी होती. जे स्वतः जाणार नव्हते त्यांच्यासाठीं कर्जरोखे होते. २३ ऑक्टोबर १८२२ रोजीं एका प्रतिष्ठित पेढीमार्फत २ लाख पौंडांचें कर्ज काढण्यांत आलें. रोखे शंभर शंभर पौंडांचे, असे २,०००. व्याज ६ टक्के. परंतु शंभराचा रोखा ८० पौंडांना, म्हणजे खरें उत्पन्न साडेसात टक्के. तेंही एकदम देण्याची गरज नाहीं. आज १५ पौंड द्यावे, बाकीचे जानेवारी व फेब्रुवारींत द्यावे. कोलंबिया, चिली, पेरू यांच्या रोख्यांशेजारीं पोयाइसचा रोखा ठेवला तर कागद, शिक्के, व्याजाचा दर, अटी सर्व कांहीं सारखेंच. खरा देश व खोटा देश यांत कागदावर अंतर राहिलें नव्हतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पोयाइसच्या वसाहतवाल्यांत स्कॉटिश लोकांचा मोठा भरणा होता. स्कॉटलंडच्या काळजांत ह्या उष्ण किनाऱ्याचें एक जुनें शल्य होतें. १६९८ सालीं स्कॉटिश जनतेच्या वर्गणीवर उभ्या राहिलेल्या एका कंपनीनें पनामाच्या संयोगभूमीवर डेरिएन येथें वसाहत करण्याचा प्रयत्न केला होता. लहानशा, गरीब देशानें त्यासाठीं ४ लाख पौंडांचे आकडे घातले. दोन सफरींत मिळून सुमारें अडीच हजार माणसें गेलीं. त्यांतलीं दोन हजारांच्या आसपास ताप, उपासमार आणि समुद्र यांनीं नेलीं. देश कफल्लक झाला आणि १७०७ सालीं स्कॉटलंडचें स्वतंत्र पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झालें, त्याचें हें एक मोठें कारण होतें. वास्तविक, ही आठवण पोयाइसच्या आड यावयास हवी होती. मॅक्ग्रेगरनें ती उलटी फिरवून आपल्या उपयोगी आणली. डेरिएनच्या वसाहतवाल्यांत आपला एक पूर्वज होता असें तो सांगे. पूर्वजांचें अपुरें राहिलेलें कार्य पुरें करण्याची ही संधि आहे, असा त्याचा आविर्भाव होता. डेरिएनचा पहिला तांडा लीथ बंदरांतून निघाला होता. पोयाइसचें दुसरें जहाजही लीथहूनच निघालें.

पहिलें जहाज 'होंडुरास पॅकेट' १० सप्टेंबर १८२२ रोजीं सुमारें ७० प्रवाशांसह लंडनहून निघालें. कोणाला पोयाइसच्या सैन्यांत हुद्दा मिळाला होता, कोणाला दिवाणी नोकरींत जागा. २२ जानेवारी १८२३ रोजीं 'केनर्सली कॅसल' सुमारें दोनशें माणसें घेऊन लीथहून निघालें. निघण्यापूर्वीं लोकांनीं आपलें खणखणीत ब्रिटिश नाणें देऊन पोयाइसच्या पेढीच्या नोटा घेतल्या. त्या नोटा बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटा छापणाऱ्या कारागिराकडूनच छापून घेतल्या होत्या. कॅसिक स्वतः निरोप द्यावयास जहाजावर आला. सोय बरी आहे ना, अशी त्यानें विचारपूस केली आणि पहिल्या सफरीबद्दल सर्व बायकांना व मुलांना भाडें माफ असल्याचें जाहीर केलें. लोकांनीं त्याचा जयजयकार केला. ज्यांना तो निरोप देत होता त्यांच्यापुढें काय वाढून ठेवलें आहे, हें त्या जहाजावर त्याच्या इतकें कोणालाच ठाऊक नव्हतें.

मार्च महिन्यांत 'केनर्सली कॅसल' ब्लॅक रिव्हरच्या मुखाशीं पोंचलें. बंदर नव्हतें, धक्का नव्हता, घुमट नव्हता. किनाऱ्यावर जंगल होतें आणि आधीं आलेल्या मंडळींचे तंबू व झोंपड्या होत्या. पहिल्या तुकडीला तेथें कांहीं देशी लोक आणि एकान्तवासांत राहणारे दोन अमेरिकन एवढेच काय ते भेटले होते. सेंट जोसेफच्या नांवानें ज्या जागेचें वर्णन केलें होतें तेथें जुन्या इंग्रजी वसाहतीचे रानानें झांकलेले भग्नावशेष होते. 'होंडुरास पॅकेट' सामान पुरतें उतरविण्याआधींच वादळानें समुद्रांत ओढलें जाऊन दिसेनासें झालें होतें. थोड्याच दिवसांत दुसरें जहाजही निघून गेलें.

तरीही सर्व आशा संपली होती असें नाहीं. त्यांच्याजवळ धान्य होतें, औषधें होतीं, दोन डॉक्टर होते. एकजुटीनें झोंपड्या बांधल्या असत्या, पाण्याची व्यवस्था केली असती, तर पुष्कळांचे प्राण वांचते. परंतु ही वसाहत शेतकऱ्यांची नव्हती. ती नेमणुका घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांची आणि आयत्या शहरांत दुकान थाटावयास निघालेल्या कारागिरांची होती. बसवावयाचें शहर आणि बसलेलें शहर यांत जो फरक आहे तो त्यांच्या मनांत आलाच नव्हता. हेक्टर हॉल नांवाचा एक जुना लष्करी अधिकारी त्यांचा प्रमुख होता. तो धडपडणारा माणूस होता. मिस्किटो राजाला गांठावें आणि कोठून तरी जहाज आणावें, यासाठीं तो वारंवार बाहेर जाई. परंतु लोकांत घबराट होऊं नये म्हणून आपण कोठें व कशासाठीं जातों हें तो सांगत नसे. त्यामुळें लोकांचा त्याच्यावरील विश्वास उडाला. राजवाडा बांधला नाहीं म्हणून कोणी कॅसिकला दोष देत नव्हते. हॉलनेंच कांहीं तरी घोटाळा केला, असें ते म्हणत होते.

एप्रिलांत पाऊस सुरू झाला. तंबूंत पाणी शिरलें. हिंवताप आणि पीतज्वर यांनीं एकामागून एक कुटुंब धरलें. त्या काळीं ताप दूषित हवेनें येतो अशी समजूत होती; डांसांचा व ह्या रोगांचा संबंध सिद्ध व्हावयास एकोणिसावें शतक संपावें लागलें. आजाऱ्याला पाणी देणारा उद्यां स्वतः आजारी पडे. एडिंबरोचा एक चांभार 'पोयाइसच्या राणीचा अधिकृत पादत्राणकार' ह्या नेमणुकीवर विश्वास ठेवून घरदार सोडून आला होता. त्यानें गोळी झाडून घेतली. ह्या एका माणसाचें मरण ह्या साऱ्या प्रकरणाचा अर्थ सांगून जातें. त्याला राज्य नको होतें, सोन्याच्या नद्या नको होत्या. आपल्या हातच्या कामाला मान मिळावा आणि पोट भरावें, एवढेंच त्यानें विकत घेतलें होतें.

मे महिन्याच्या आरंभीं ब्रिटिश होंडुरासचें, म्हणजे आजच्या बेलीझचें, 'मेक्सिकन ईगल' नांवाचें गलबत योगायोगानें तेथें आलें. त्यावर त्या वसाहतीचे मुख्य दंडाधिकारी मार्शल बेनेट होते. पोयाइस नांवाचें राज्य आपण कधीं ऐकलेलें नाहीं, असें त्यांनीं ह्या लोकांस स्पष्ट सांगितलें. तेवढ्यांत हॉल राजाकडून बातमी घेऊन आला कीं, २३ एप्रिल रोजींच राजानें दानपत्र रद्द केलें आहे. कॅसिक ही पदवी, जमिनी विकण्याचा हक्क, कर्ज काढण्याचा अधिकार यांपैकीं कांहींच आपण मॅक्ग्रेगरला दिलें नव्हतें, आणि जे कोणी तेथें आहेत त्यांनीं राजाशीं इमान राखण्याची शपथ घ्यावी, नाहीं तर जागा सोडावी. गलबत लहान, पहिल्या खेपेस साठ माणसें नेलीं, मग उरलेलीं. प्रवासांत आणि बेलीझला पोंचल्यावरही मृत्यु थांबले नाहींत. बेलीझच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं चौकशी करून लंडनला इशारा धाडला. तो पोंचेपर्यंत आणखी पांच जहाजें वाटेला लागलीं होतीं. ब्रिटिश आरमारानें तीं अडवून परत फिरविलीं. नाहीं तर मृतांची संख्या कोठवर गेली असती हें सांगवत नाहीं.

रोख्यांची गत याहून निराळी झाली नाहीं. ती आधींच सुरू झाली होती. १८२२ च्या अखेरीस कोलंबियाच्या सरकारनें, आपल्या प्रतिनिधीनें लंडनमध्यें काढलेलें कर्ज अधिकार ओलांडून काढलें आहे, असें जाहीर केलें. त्यासरशी दक्षिण अमेरिकेच्या साऱ्याच रोख्यांचे भाव गडगडले आणि पोयाइसच्या अनेक धनकोंनीं जानेवारीचा हप्ता भरलाच नाहीं. ज्यांनीं हप्ते भरले नाहींत त्यांचे १५ पौंड बुडाले. ज्यांनीं प्रामाणिकपणें भरले त्यांचे ८० बुडाले. आणि खऱ्या देशांच्या रोख्यांचें काय? १८२५ सालीं लंडनमध्यें मोठी आर्थिक घबराट झाली आणि १८२६ सालीं कोलंबिया, पेरू व चिली ह्या तिघांनींही व्याज देणें थांबविलें. देश खरा असला म्हणजे त्याचा रोखाही भरंवशाचा असतो, असें मुळींच नाहीं.

परत आलेल्या लोकांनीं पुढें जें केलें तें तर्काला कोड्यांत टाकणारें आहे. वर्तमानपत्रांनीं कॅसिकवर झोड उठविली, तेव्हां ह्या दुर्दैवी मंडळींपैकींच अनेकांनीं शपथपत्रें करून सांगितलें कीं, दोष मॅक्ग्रेगरचा नाहीं; हॉलनें व इतर हाताखालच्या माणसांनीं घात केला. जेम्स हेस्टी नांवाच्या लांकूडकाप्यानें त्या किनाऱ्यावर आपलीं दोन मुलें गमावलीं होतीं. त्यानें लिहिलेल्या हकीकतींतही दोष कॅसिकवर न येतां त्याच्या सल्लागारांवर येतो. याला मूर्खपणा म्हणणें सोपें आहे. पण मनुष्याचें मन असें चालत नाहीं. देशच नव्हता असें कबूल करणें म्हणजे आपण आपल्या हातांनीं मुलांना मरणाच्या दारीं नेलें असें कबूल करणें. देश होता, पण व्यवस्था फसली, असें मानलें तर दुःख उरतें, परंतु तें सोसतां येतें.

मॅक्ग्रेगर तोंवर पॅरिसला निसटला होता. तेथेंही त्यानें हाच डाव मांडला. अस्तित्वांत नसलेल्या देशास जाण्यासाठीं लोक परवाने मागूं लागले तेव्हां फ्रेंच सरकार सावध झालें. डिसेंबर १८२५ मध्यें त्याला अटक झाली. परंतु १८२६ च्या जुलैंत न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें आणि शिक्षा झाली ती त्याच्या एका साथीदाराला. पुढें लंडनला परतून दहा वर्षें तो लहानमोठे रोखे व जमिनीचे दाखले विकण्याचा उद्योग करीत राहिला. आतां मात्र गिऱ्हाइकें कमी होतीं.

मॅक्ग्रेगरला आपल्या कल्पनेवर स्वतःचाच थोडा विश्वास होता कीं काय, याचा वाद इतिहासकारांत आहे. त्याचा निकाल कसाही लागो. त्याच्या पद्धतीचा उलगडा मात्र होतो. त्याची थाप संपूर्ण हवेंतली नव्हती. नदी खरी होती, नकाशा खरा होता, जुनी वसाहत खरी होती, राजा खरा होता आणि राजाची सहीही खरी होती. इतक्या सत्यांच्या टेकूवर एकच असत्य उभें केलें कीं तें ढळत नाहीं. चौकशी करणारा प्रत्येक जण त्यांतल्या एकाद्या खऱ्या गोष्टीपर्यंत पोंचे आणि समाधान पावून परत फिरे. न पाहिलेली गोष्ट एकच होती: ती जागा. समुद्रापलीकडून येणारें पत्र महिन्यांनीं येई. दरम्यान भाव चढत होता आणि थांबणें महाग पडत होतें.

ह्या कथेचा शेवट कराकसला होतो. १८३८ सालीं होसेफा स्कॉटलंडांत वारली. त्याच वर्षीं मॅक्ग्रेगर व्हेनेझुएलास गेला आणि आपल्या जुन्या सेवेचा दाखला देऊन त्यानें नागरिकत्व, हुद्दा व वेतन यांसाठीं अर्ज केला. त्याचे जुने सोबती आतां सत्तेवर होते. १८३९ सालीं त्याला सेनापतीचा दर्जा व पेन्शन मिळाली. ४ डिसेंबर १८४५ रोजीं तो मरण पावला, तेव्हां राष्ट्राध्यक्ष व मंत्री त्याच्या शवपेटीमागून चालले आणि लष्करी इतमामानें त्याचें कराकसच्या मुख्य चर्चमध्यें दफन झालें. उष्ण कटिबंधांतील एका देशांत पेन्शनीवर निवांत म्हातारपण काढावें, हें स्वप्न त्यानें शेंकडों लोकांना विकलें होतें. त्या साऱ्या मंडळींत तें पुरें झालें तें त्याचें एकट्याचें.

आज मध्य अमेरिकेंत पनामा, कोस्टा रिका यांसारखे देश ठराविक मासिक पेन्शन असलेल्या परदेशी माणसांस राहण्याचा परवाना देतात आणि पुष्कळ वृद्ध दांपत्यें तेथें सुखानें नांदतही आहेत. स्वस्त राहणीचा व उबदार हवेचा शोध घेणें यांत गैर असें कांहींच नाहीं. मनुष्य तो पूर्वींपासून घेत आला आहे. मात्र जमिनीचा कागद हातीं घेण्यापूर्वीं त्या जमिनीवर एकदां पाय ठेवून यावें, एवढें शहाणपण पोयाइसनें फार महाग विकत दिलें आहे. ब्लॅक रिव्हरच्या मुखाशीं आज होंडुरास देशांतलें पालासिओस नांवाचें लहानसें गांव आहे. पोयाइसच्या पेढीच्या नोटांपैकीं कांहीं मात्र अजून शिल्लक आहेत. जुन्या नोटा जमविणारे हौशी लोक त्यांना चांगला दाम मोजतात. ज्यांनीं त्या प्रथम घेतल्या त्यांना त्यांच्या मोबदल्यांत त्या किनाऱ्यावर साधें छप्परही मिळालें नव्हतें.